राखण : आपल्या माळरानावरील मुक्या जिवांविषयी एक पाठ



ज्वारीची कणसे भरू लागली की आपल्याकडे शेतात माळा उभा राहतो. घरातले कोणीतरी हातात गोफण घेऊन माळ्यावर बसते आणि हाळ्या देत दिवसभर पाखरे हाकलते. याला आपण राखण म्हणतो. राखणीला बसलेल्याने दोन कणसे भाजून खाल्ली तर त्याला कोणी बोलत नाही. पण शेत त्याचे एकट्याचे नसते, ते सगळ्या घराचे असते. संध्याकाळी वडीलधारे शेतात येतात, तेव्हा राखणदाराला उत्तर द्यावे लागते.

उत्पत्तीच्या पुस्तकात (२:१५) परमेश्वराने पहिल्या मानवाला एदेन बागेत ठेवले ते दोन कामांसाठी. एक मशागत आणि दुसरे राखण. मशागत आपले वाडवडील करीत आले व आपणही करतो. राखण मात्र आपण फक्त आपल्या पिकाची समजतो. त्या बागेत तर झाडे होती, पशू होते, पाखरे होती, सरपटणारे जीवही होते. मग देवाने आपल्या हाती राखायला दिले ते नेमके काय? आजच्या पाठात आपल्या बीड जिल्ह्यातील माळ, डोंगर आणि विहिरी डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार करू या.

पवित्र शास्त्र काय शिकविते?

पुष्कळ भाविक म्हणतात, "देवाने सगळे माणसासाठीच निर्माण केले. मग हरणाची, सापाची काळजी आपण कशाला करायची?" पवित्र शास्त्र नीट वाचले तर असे म्हणता येत नाही.

पहिली गोष्ट, देवाने पहिला आशीर्वाद माणसाला दिलेला नाही. मानव निर्माण होण्याआधीच त्याने जलचरांना व पक्ष्यांना आशीर्वाद देऊन वाढावयास सांगितले (उत्पत्ती १:२२). जो आशीर्वाद देवाने दिला, तो आपण कोणत्या अधिकाराने पुसून टाकणार?

दुसरी गोष्ट, जलप्रलयानंतर देवाने जो करार केला तो केवळ नोहाशी व त्याच्या मुलाबाळांशी नव्हता. तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशी तो करार होता (उत्पत्ती ९:८-१७). पावसाळ्यात बालाघाटाच्या डोंगरावर इंद्रधनुष्य उमटते, ते आपल्यासाठी जसे खूण आहे तसेच त्या डोंगरातल्या कोल्ह्यासाठीही आहे.

तिसरी गोष्ट, मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. वाटेत पाखराचे घरटे सापडले आणि मादी अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिलांबरोबर आईला धरू नये, तिला जाऊ द्यावे (अनुवाद २२:६-७). भुकेल्या माणसाला देवाने उपाशी ठेवले नाही. पण मूळच नाहीसे करण्याची मुभाही दिली नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर, बियाणे खाऊ नका. दुष्काळ सोसलेल्या बीडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि आपल्या प्रभूने काय सांगितले? बाजारात दोन पैशांना पाच मिळणाऱ्या चिमण्यांतली एकसुद्धा पित्याच्या विसरात नाही (लूक १२:६). जिची किंमत बाजारात जवळजवळ काहीच नाही, तिचीही देवाच्या घरी नोंद आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र सर्व लोकांसाठी लिहिले. त्यात त्यांनी हीच शिकवण पुढे नेली आहे. प्रत्येक जिवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, तो आपल्या उपयोगी पडतो की नाही यावर ते मोल अवलंबून नाही. एखादी जात कायमची नष्ट झाली म्हणजे देवाचे स्तवन करणारा एक आवाज कायमचा बंद होतो, असा त्यांच्या शिकवणीचा अर्थ आहे.

मोर राहिला

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. ते १९९४ साली घोषित झाले व त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. तेथे घनदाट अरण्य नाही. बोरी-बाभळी, सीताफळ आणि कुसळी गवत असलेले आपल्या ओळखीचे डोंगर आहेत. तरी तेथे मोर नांदतात. उन्हाळ्यात झरे आटले की पाणवठ्यांवर पाणी आणून टाकावे लागते, तेव्हा कोठे हे जीव पुढचा पाऊस पाहतात.

मोर का टिकला? १९६३ साली तो राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारणे हा गुन्हा ठरला. पण कायद्याच्या कितीतरी आधीपासून त्याला लोकांच्या मनाने राखले होते. आपल्या हिंदू शेजाऱ्यांनी त्याला देवादिकांच्या सान्निध्यात पाहिले, म्हणून शेतातले दाणे टिपले तरी त्याच्यावर सहसा हात उचलला नाही. आपल्या ख्रिस्ती परंपरेतही मोराला मान आहे. रोममधील आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी भुयारी दफनभूमीच्या भिंतींवर मोर रंगविले. मोराचे मांस कुजत नाही अशी त्या काळची समजूत होती व संत अगस्तीन यांनीही तिचा उल्लेख केला आहे. म्हणून मोर हा पुनरुत्थानाचे व अनंत जीवनाचे चिन्ह झाला.

ज्याला लोकांनी आपला मानले, तो राहिला.

माळढोक दिसेनासा झाला

मोराच्या शेजारीच आणखी एक मोठा पक्षी राहत असे. त्याचे नाव माळढोक. याचा नर १५ किलोपर्यंत भरतो. माळरानावर उघड्या जमिनीवर मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते. राष्ट्रीय पक्षी निवडताना पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी माळढोकाचा आग्रह धरला होता, पण मान मोराला मिळाला.

१९७२ चा दुष्काळ आपल्या घरातील वृद्धांना आठवत असेल. त्याच साली सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांना नान्नजच्या माळावर माळढोक आढळले. त्यांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या व शासनाचे लक्ष वेधले. १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्यात आलेले करमाळा व कर्जत हे तालुके आपल्या आष्टीच्या जवळच आहेत.

एवढे होऊनही माळढोक का टिकला नाही? कारणे अनेक आहेत. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, शिकार झाली. पण एक कारण आपण विशेष ध्यानात घ्यावे. हे अभयारण्य ८,००० चौरस किलोमीटरहून मोठे होते आणि त्यात लोकांची शेते व वस्त्याही आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. गरीब शेतकऱ्याला वाटू लागले की या पाखरामुळेच आपली जमीन अडकली. पुढे अभयारण्याचे क्षेत्र पुष्कळ कमी करण्यात आले, पण तोवर मने दुरावली होती. आता महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ दिसतच नाही. देशाच्या रानात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानली जाते आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. तेथे जैसलमेर भागात २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविण्याचा प्रयत्न सुरू आहे.

दुसरी चूक माळाविषयी झाली. गवताळ माळाला आपण 'पडीक' म्हणतो. माळढोक, लांडगा, काळवीट यांचे ते घर आहे हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही. म्हणून झाडे लावतानाही विचार हवा. बीडजवळ पालवण येथील उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सह्याद्री देवराई' फुलविली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्ष संमेलन भरले व संमेलनाचे अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिले गेले. वड, पिंपळ, लिंब अशी आपल्या मातीतली झाडे उजाड डोंगरावर लावणे हे पुण्याचे काम आहे. मात्र जिवंत गवताळ माळावर सरसकट खड्डे खणणे म्हणजे एकाचे घर बांधण्यासाठी दुसऱ्याचे घर पाडण्यासारखे आहे.

तागडगावचे दांपत्य

शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे सिद्धार्थ सोनवणे व सृष्टी सोनवणे हे पती-पत्नी 'सर्पराज्ञी' नावाचे वन्यजीव केंद्र चालवितात. विहिरीत पडलेले, गाडीखाली सापडलेले, कुत्र्यांनी फाडलेले, आईवेगळे झालेले प्राणी व पक्षी तेथे आणले जातात. त्यांच्यावर उपचार होतात आणि बरे झालेल्या जिवांना पुन्हा रानात सोडले जाते. हरणे, मोर, घुबडे, माकडे, साप, कोणालाही दार बंद नाही.

येथे एक गोष्ट आपण शिकावी. पाळलेल्या गाईची सेवा केली तर ती दूध देते. रानातले हरीण बरे झाले की मागे वळूनही पाहत नाही. परतफेडीची आशा नसलेली सेवा हीच प्रीतीची खरी परीक्षा, असे प्रभूने आपल्याला शिकविले आहे (लूक १४:१२-१४).

सापाविषयी आपल्या मनात विशेष अढी असते. एदेन बागेतील मोहाची कथा आठवून काही जण साप दिसताच ठेचतात आणि वर ते धर्मकार्य समजतात. पण त्या कथेतील सर्प हे सैतानाच्या कपटाचे रूप आहे. बांधावरची धामण सैतान नव्हे. देवाने सरपटणारे जीव निर्माण केले व ते चांगले आहे असे पाहिले (उत्पत्ती १:२५). धामण बिनविषारी आहे व ती शेतातले उंदीर खाते. एक धामण मारली की उंदरांच्या पुढच्या पिढ्या आपल्या कणगीत येतात.

तरीही सर्पदंश ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली व शेतात राबणारी होती. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. दंश झाला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. रुग्णाला धीर द्या, चावलेला हातपाय हलू देऊ नका व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून सरकारी रुग्णालयात न्या. प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे. प्रार्थना जरूर करा, पण रुग्णवाहिकेत बसून करा.

गिधाडांचा धडा

पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की घटकाभरात आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत. आज आपल्या मुलांना गिधाड चित्रातच दाखवावे लागते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादेच उरले. त्यांना कोणी गोळ्या घातल्या नव्हत्या. दुखणाऱ्या गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते व त्यांचे मूत्रपिंड निकामी करीत होते. २००४ साली हे सिद्ध झाले व २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर भारतात बंदी आली.

गिधाडे गेल्यावर सडलेले मांस कुत्र्यांना मिळाले, पाण्यात मिसळले, रोगराई वाढली. इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला की, २००० ते २००५ या काळात यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली. ज्या पक्ष्याला आपण ओंगळ म्हणत होतो, तो आपल्या घराची राखण करीत होता.

आशेची गोष्टही आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात प्रेमसागर मेस्त्री व त्यांच्या 'सिस्केप' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन गिधाडांची घरटी जपली. ज्या झाडांवर घरटी होती ती झाडे गावाने राखली. येथेही पुन्हा तेच दिसते, गावाने आपले मानले म्हणून जीव राहिला.

भय आणि नुकसान यांचे काय?

कोणी म्हणेल, "हे सगळे बोलायला सोपे आहे. आमच्या तुरीत हरणांचा कळप शिरतो, रानडुकरे भुईमूग उकरतात, त्याचे काय?" हा प्रश्न खरा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत एक लहान मुलगाही होता. डिसेंबरमध्ये त्या बिबट्याला करमाळा तालुक्यात गोळी घालून मारावे लागले. ज्या आईचे लेकरू गेले तिला वन्यजीवप्रेमावर प्रवचन देणे हे ख्रिस्ती वागणे नव्हे. तिच्याजवळ बसणे, तिच्या घराला आधार देणे हे आपले पहिले काम.

असिसीकर संत फ्रान्सिस यांची एक आख्यायिका येथे उपयोगी पडते. गुब्बियो गावात एका लांडग्याने माणसे मारली होती. फ्रान्सिस लांडग्याला सामोरे गेले. त्यांनी लांडग्याचा अपराध लपविला नाही व गावाचे भय खोटे ठरविले नाही. दोघांत समेट घडविला. लांडग्याने कोणाला इजा करायची नाही व गावाने त्याला उपाशी ठेवायचे नाही. याच संताला १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पर्यावरणाचे कार्य करणाऱ्यांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले.

आपल्या काळातला समेट असा, की नुकसान झाल्यास वनविभागाकडे वेळेत अर्ज करून भरपाई मागावी, तो आपला हक्क आहे. बांधावर विषारी आमिष, फास किंवा विजेची तार मात्र लावू नये. त्यात हरणाबरोबर शेजाऱ्याचे पोरही सापडू शकते.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बांधवांसाठी एक विशेष सूचना. अहिल्यानगर व पुणे जिल्ह्यांतील उसाच्या फडात बिबट्याची पिले सापडतात. पिले दिसली तर उचलू नका, गर्दी करू नका, तोड थांबवून मुकादमाला व वनविभागाला कळवा. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारण केंद्र आहे. तेथील मंडळी व वनकर्मचारी पिलांना सुखरूप जागी ठेवतात आणि बहुधा रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. पिलू हरवलेली मादी फडाभोवती घुटमळत राहिली तर धोका कोपीत झोपलेल्या आपल्याच लेकरांना असतो. येथे पिलाची राखण आणि लेकराची राखण एकच आहे.

आपण काय करू शकतो?

१. शेतातील उघड्या विहिरीला कठडा बांधावा. जमत नसेल तर काटेरी कुंपण तरी करावे. यात माणसाचे व जनावराचे, दोघांचेही रक्षण आहे.

२. उन्हाळ्यात घराच्या आवारात व बांधावर पाखरांसाठी परळात पाणी ठेवावे.

३. गुरांना वेदनाशामक द्यायचे असेल तर पशुवैद्यकांना गिधाडांसाठी सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम मागावे. माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक गुरांना टोचू नये.

४. जखमी किंवा संकटात सापडलेला वन्यप्राणी दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. साप निघाल्यास जाणकार सर्पमित्राला बोलवावे, स्वतः हात घालू नये.

५. माळाला व डोंगराला आग लावू नये. नवे गवत चांगले येईल या समजुतीने लावलेल्या वणव्यात घरट्यांतली अंडी व पिले होरपळतात.

६. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकांची जैवविविधता नोंदवही असावी लागते. आपल्या गावची नोंदवही पाहावयास मागावी. गावातील वृद्धांना माहीत असलेली झाडे, पाखरे व वनस्पती तिच्यात लिहिल्या गेल्या आहेत का, हे तरुणांनी तपासावे.

कुटुंबात व लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या लहानपणी शिवारात दिसणारा कोणता पक्षी किंवा प्राणी आता दिसत नाही? तो का गेला असावा?

२. ज्या जिवाचा आपल्याला काही उपयोग नाही, त्याची काळजी देवाला असते, यावर माझा खरोखर विश्वास आहे का?

३. माझ्या शेतात, घरात किंवा बोलण्यात कोणती एक गोष्ट मी या आठवड्यात बदलू शकतो?

समारोप

प्रिय भाविकहो, दिवस मावळताना धनी शेतावर येईल. किती पोती झाली हे तो विचारीलच. पण ज्या बागेत त्याने आपल्याला ठेवले तिच्यातली पाखरे कोठे आहेत, हेही तो विचारील. मोराकडे बोट दाखविता येईल. माळढोकाविषयी मान खाली घालावी लागेल. उरलेल्यांविषयी काय उत्तर द्यायचे, ते अजून आपल्या हातात आहे.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू निर्माण केलेल्या लहानमोठ्या सर्व जिवांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या हावेने व निष्काळजीपणाने जे जीव नाहीसे झाले त्यांबद्दल आम्हांला क्षमा कर. वन्यजीवांच्या हल्ल्यांत व सर्पदंशाने ज्यांची माणसे गेली त्या कुटुंबांचे सांत्वन कर. मुक्या जिवांची सेवा करणाऱ्या सर्वांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, बळ दे. शेतकऱ्याच्या घामाला फळ दे, वेळेवर पाऊस दे, आणि आम्हांला तुझ्या बागेचे विश्वासू राखणदार कर. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे आम्ही ही प्रार्थना करतो. आमेन.